सिनोडोंटिस : काटा तोच, तऱ्हा अनेक

काँगो नदीच्या खोऱ्यातील एखाद्या संथ ओढ्यात, पाण्यात वाकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला, बोटभर लांबीचा एक तपकिरी, ठिपकेदार मासा टांगल्यासारखा तरंगत असतो. त्याचे पोट आभाळाकडे असते आणि पाठ तळाकडे. पोट वर करून तरंगणारा मासा दिसला की तो मेला, असे समजण्याची आपल्याला सवय आहे. हा मासा मात्र फांदीच्या खालच्या बाजूला साचलेले शेवाळ आणि त्यात दडलेल्या अळ्या निवांतपणे खरवडून खात असतो आणि खाणे आटोपले की तसाच, पाठ खाली ठेवून, पुढच्या फांदीकडे निघून जातो.

या माशाचे शास्त्रीय नाव सिनोडोंटिस नायग्रिव्हेंट्रिस, म्हणजे काळ्या पोटाचा सिनोडोंटिस. या लेखाचा विषय तो एकटा नाही, तर ज्या प्रजातीत तो मोडतो ती संपूर्ण सिनोडोंटिस प्रजाती आहे. बोलताना आपण जाती आणि प्रजाती हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण जीवशास्त्रात त्यांत एका पायरीचा फरक असतो. वाघ, सिंह आणि बिबट्या या तीन निरनिराळ्या जाती आहेत, परंतु त्या तिन्ही पँथेरा या एकाच प्रजातीत मोडतात. त्याच न्यायाने सिनोडोंटिस या एका प्रजातीत आज सुमारे १३० जाती धरल्या जातात. त्यांतील काही बोटभर लांबीच्या आहेत, तर काही अर्ध्या मीटरहून मोठ्या होतात. त्यांतल्या काही उलट्या पोहतात, काही आवाज काढतात, काही विजेचे स्पंद सोडतात आणि एक तर कोकिळेसारखी आपली पिल्ले दुसऱ्याच्या पदरात टाकते. ही यादी ऐकून एखाद्याला वाटेल की निसर्गाने या माशांसाठी काही खास अवयव घडवले असावेत. प्रत्यक्षात यातील जवळजवळ प्रत्येक करामतीमागे जुनेच सामान आहे आणि ते नव्या कामाला लावलेले आहे. मला या प्रजातीत सर्वांत रस वाटतो तो याच गोष्टीत.

शिंगाळा, मागूर वगैरे मिशाळ मासे मराठी वाचकांच्या ओळखीचे असतात. सिनोडोंटिस हा त्याच मोठ्या गणातील, पण मोकोकिडी नावाच्या निराळ्या कुलातील मासा आहे. हे कुल केवळ आफ्रिकेत आढळते आणि सिनोडोंटिस ही त्यातील सर्वांत मोठी प्रजाती आहे. नाईल, नायजर, सेनेगल, चाड सरोवर, काँगो, झांबेझी आणि पूर्व आफ्रिकेतील मोठी सरोवरे अशा बहुतेक गोड्या पाण्यांत तिच्या जाती सापडतात. खंडाच्या वायव्य कोपऱ्यात आणि अगदी दक्षिण टोकाला मात्र त्या नाहीत. जातींची सर्वाधिक गर्दी काँगोच्या खोऱ्यात आहे. ही प्रजाती फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांनी १८१६ मध्ये स्थापन केली, परंतु तिच्यातील पहिली जाती त्याआधीच, १७५८ मध्ये, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी सिल्युरस क्लॅरियास या नावाने नोंदवली होती. तीच आज सिनोडोंटिस क्लॅरियास म्हणून ओळखली जाते. येथे एक घोटाळा संभवतो, तो आधीच दूर केलेला बरा. क्लॅरियास नावाची एक स्वतंत्र प्रजातीही आहे आणि आपला मागूर तिच्यात येतो. नावातील या साम्यावरून या दोघांत जवळचे नाते आहे, असे मात्र समजू नये.

सिनोडोंटिस हा शब्द प्राचीन ग्रीक लेखनात नाईलमधील एका माशासाठी आलेला आहे आणि त्याची फोड ‘एकत्र’ आणि ‘दात’ अशी होते. तो प्राचीन मासा नेमका कोणता हे नावावरून ठरवता येत नसले, तरी आजच्या माशांना ते नाव शोभून दिसते. त्यांच्या खालच्या जबड्याच्या मध्यभागी बारीक, वाकडे, हलणारे दात एका जुडीसारखे जवळजवळ बसवलेले असतात. या दातांची संख्या जातीनुसार बदलते, आणि म्हणून जाती ओळखताना तज्ज्ञ भिंगाखाली हे दात अक्षरशः मोजतात.

आता हा मासा थोडा जवळून पाहू. त्याच्या अंगावर खवले नसतात, कातडी उघडी आणि बुळबुळीत असते. शरीराचा पुढचा भाग मात्र चिलखतासारखा असतो. डोक्याच्या कवटीची हाडे मागे मानेवरून थेट पाठीच्या पराच्या मुळापर्यंत पसरलेली असतात, त्यामुळे डोके आणि मान मिळून एक अखंड ढाल तयार होते. कल्ल्यांच्या मागे, छातीच्या पराच्या वरच्या बाजूला, या ढालीचे एक टोकदार हाड मागे डोकावते. पाठीच्या परापासून शेपटीपर्यंत गेलात की वाटेत चरबीचा एक मोठा, मऊ पर लागतो, ज्याला काटा नसतो. मिशांच्या तीन जोड्या असतात, त्यांतील वरच्या जबड्याची जोडी लांब आणि बहुतेक जातींत साधी, तर खालच्या जबड्याच्या दोन्ही जोड्यांना पिसासारखे फाटे फुटलेले. गढूळ पाण्यात किंवा रात्रीच्या अंधारात तळाशी अन्न चाचपण्यासाठी आणि चाखण्यासाठी या मिशांचा उपयोग होतो, कारण हे मासे प्रामुख्याने निशाचर आहेत. तोंड खाली वळलेले असते. तळावर चरणाऱ्या माशाला ते सोयीचेच, पण पुढे उलटे पोहण्याचा विषय येईल तेव्हा या खाली वळलेल्या तोंडाची आठवण ठेवावी लागेल.

या शरीरातील सर्वांत महत्त्वाचे हत्यार म्हणजे तीन काटे, एक पाठीच्या पराच्या आघाडीला आणि एकेक दोन्ही छातीच्या परांच्या आघाडीला. पाठीच्या मोठ्या काट्यापुढे एक आखूड, ठेंगणा काटा असतो, जो बाहेरून सहज लक्षातही येत नाही. मोठा काटा उभा राहिला की हा ठेंगणा काटा दाराच्या अडसरासारखा खोबणीत सरकून बसतो. त्यानंतर वरून कितीही दाबले तरी मोठा काटा खाली बसत नाही. माशाने स्वतः स्नायू ओढून अडसर सोडवला तरच तो मिटतो. छातीचे काटेही मुळाशी किंचित वळून असेच अडकतात. तिन्ही काटे उभे केलेल्या या माशाचा आडवा छेद घेतला तर जवळजवळ त्रिकोण दिसेल, आणि हा त्रिकोण गिळणे मोठ्या माशाला किंवा पक्ष्याला अवघड जाते. कोळ्यांना तर याचा वैताग असतो, कारण काटे जाळ्यात अडकले की मासा सोडवण्यापेक्षा जाळ्याचा फास कापणे सोपे पडते. काट्यांवरील कातडीत विषग्रंथी असतात आणि काटा घुसताना ही कातडी फाटून विष जखमेत उतरते. माणसाला त्यामुळे झोंबणारी वेदना आणि सूज येते. मिशाळ माशांत हे काही दुर्मीळ नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात अशा विषारी जातींची संख्या किमान १,२५० असावी, असा अंदाज मांडला गेला.

काटा म्हणजे बचावाचे हत्यार, एवढ्यावर गोष्ट संपली असती. परंतु सिनोडोंटिस पाण्याबाहेर काढला की तो चक्क आवाज करतो. छातीचा काटा तो पुढेमागे हलवतो आणि प्रत्येक हालचालीबरोबर एक कुरकुर, किर्रर्र असा आवाज येतो, जणू काही न तेल घातलेली बिजागरी कोणी उघडझाप करत आहे. इंग्रजीत या माशांना ‘स्क्वीकर’ हे नाव पडले ते यामुळेच. हा आवाज घशातून येत नाही. छातीच्या काट्याच्या मुळाशी बारीक उंचवट्यांची एक कड असते आणि ती खांद्याच्या हाडातील खाचेच्या पृष्ठभागावर घासली जाते. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावे तसा हा प्रकार आहे. म्हणजे जो सांधा काटा अडकवण्यासाठी घडला, त्याच सांध्याचे वाद्य झाले. हातात धरलेला मासा असा ओरडतो तेव्हा शत्रू दचकावा हा त्यातील एक हेतू समजता येतो. काट्याच्या टोचणीची आधीच दिलेली ती ताकीद असते, असेही म्हणता येईल.

आवाजाचा दुसरा मार्ग आणखी विलक्षण आहे. बहुतेक हाडाळ माशांप्रमाणे यांच्याही पोटात हवेने भरलेला वाताशय असतो आणि त्याच्यामुळे मासा पाण्यात एका पातळीवर स्थिर राहू शकतो. सिनोडोंटिसमध्ये पाठीच्या कण्यातील एका मणक्याचा फाटा पातळ, लवचीक पट्टीसारखा झालेला असतो आणि त्याचे टोक वाताशयाच्या पुढच्या भिंतीला टेकलेले असते. कवटीच्या मागून निघालेला एक स्नायू ही पट्टी वेगाने ओढतो आणि सोडतो. पट्टी थरथरते, तिच्याबरोबर वाताशयाची भिंत थरथरते आणि ढोलासारखा घुमणारा आवाज पाण्यात पसरतो. ऐकण्याची व्यवस्थाही वाताशयाशीच जोडलेली आहे. वाताशय आणि अंतर्कर्ण यांच्यामध्ये लहान हाडांची एक साखळी असते आणि ती पाण्यातील कंपने कानापर्यंत पोहोचवते. ही साखळी रोहू-कटल्याच्या गटातील माशांनाही असते. त्यामुळे या सगळ्या मंडळींचे कान इतर अनेक माशांपेक्षा तिखट असतात.

आता याच स्नायूची पुढची गोष्ट. कोणताही स्नायू आकसण्याआधी त्याच्या पेशींत विजेचा एक सूक्ष्म स्पंद उठतो आणि त्या स्पंदाच्या इशाऱ्याने स्नायूतील तंतू ओढले जातात. समजा, पिढ्यानपिढ्या जाता जाता पेशींतील ओढणारे तंतू विरळ होत गेले आणि विजेचा स्पंद मात्र टिकून राहिला, तर तो स्नायू ओढण्याच्या कामाचा राहणार नाही, पण सगळ्या पेशींचे स्पंद एकाच वेळी उठले तर त्यांची बेरीज होऊन शरीराबाहेरही जाणवेल इतकी वीज तयार होईल. विद्युत मासे याच वाटेने घडले असावेत, असे शास्त्रज्ञ फार दिवस मानत आले आहेत. प्रश्न असा होता की वाटेवरच्या पायऱ्या कोणी पाहिल्या नव्हत्या. आफ्रिकेतीलच मॅलॅप्टेरुरस हा विद्युत मासा ३५० व्होल्टपर्यंतचा झटका देतो, परंतु तो प्रवासाच्या शेवटाला पोहोचलेला प्रवासी आहे. त्याच्याकडे पाहून तो कोणत्या गावांवरून आला हे कळत नाही.

या वाटेवरची गावे सिनोडोंटिसमध्ये सापडली. यातील काही मासे क्षीण विद्युत स्पंद सोडतात हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने त्याचा नेमका उलगडा केला. या एकाच प्रजातीत काही जाती वाताशयाचा आवाज काढतात, काही विजेचे स्पंद सोडतात आणि काही दोन्ही करतात, मात्र एकाच क्षणी दोन्ही नव्हे. ही दोन्ही कामे तोच एक स्नायू करतो. पूर्व आफ्रिकेतील टँगानिका सरोवरात राहणाऱ्या सिनोडोंटिस ग्रँडिऑप्स या जातीत त्या स्नायूतील तंतू सर्वांत दाट होते आणि ती सर्वांत लांब आवाजांच्या मालिका काढत होती, पण विजेचा एकही स्पंद सोडत नव्हती. आपल्या सुरुवातीच्या काळ्या पोटाच्या उलट्या माशात हे तंतू सर्वांत विरळ होते, तो वाताशयाचा आवाज काढत नव्हता, पण वीज सोडत होता. ही वीज अत्यंत क्षीण असते, तिने कोणाला झटका बसत नाही. तिचा आकार जातीजातीत वेगळा असल्यामुळे आपल्या जातभाईंना ओळखण्यासाठी तिचा उपयोग होत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. ढोल वाजवणारा स्नायू विजेची बॅटरी होण्याच्या प्रवासातील निरनिराळे मुक्काम एकाच प्रजातीत जिवंत पाहायला मिळणे, ही उत्क्रांतीच्या अभ्यासात क्वचित हाती येणारी गोष्ट आहे.

आता उलटे पोहण्याकडे वळू. तळाशी चरणाऱ्या माशाचे तोंड खाली वळलेले असते हे आपण पाहिले. अशा माशाला पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेले किडे किंवा पानांच्या खालच्या बाजूचे शेवाळ खायचे असेल तर दोन मार्ग उरतात, एक तोंडाची ठेवण बदलण्याचा आणि दुसरा अख्खे शरीर फिरवण्याचा. नायग्रिव्हेंट्रिसने दुसरा मार्ग धरला. या निवडीची खूण त्याच्या रंगात दिसते. सामान्य माशाची पाठ गडद आणि पोट फिकट असते. वरून पाहणाऱ्याला गडद पाठ खालच्या अंधारात मिसळून जाते आणि खालून पाहणाऱ्याला फिकट पोट वरच्या उजेडात. नायग्रिव्हेंट्रिसचे पोट पाठीपेक्षा गडद असते, कारण वर असते ते त्याचे पोट. तंत्र तेच, फक्त मासा फिरला तसा रंगही फिरला.

उलटे पोहण्याचा आणखी एक फायदा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आला. उष्ण प्रदेशातील साचलेल्या पाण्यात अनेकदा प्राणवायू फार कमी उरतो, तरीही हवेला लागून असलेल्या अगदी वरच्या पातळ थरात तो थोडा अधिक असतो. अनेक मासे अशा वेळी वर येऊन या थरातील पाणी कल्ल्यांवरून फिरवतात. तोंड खाली असलेल्या सरळ पोहणाऱ्या माशाला त्यासाठी डोके वर करून धडपडावे लागते, तर उलट्या पोहणाऱ्याचे तोंड आपोआपच त्या थराला लागते. श्वासाची ही सोय आधीची की अन्नाची, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, पाण्याच्या वरच्या कडेला, मिळतात.

ही लकब जन्मजात पूर्ण झालेली नसते. या माशाची पिल्ले सुरुवातीला इतर माशांसारखी सरळ पोहतात आणि काही आठवड्यांनी उलटायला लागतात. शिवाय ती लकब एकट्या त्याचीच नाही. सिनोडोंटिसच्या इतर अनेक जाती काचेच्या टाकीत लक्ष देऊन पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या तळाजवळ असतात तेव्हा पोट तळाकडे करतात, उभ्या लाकडाजवळ असतात तेव्हा पोट लाकडाकडे करतात आणि दगडाच्या कपारीत शिरल्या की छताला पोट लावून उलट्या राहतात. म्हणजे ‘पोट जवळच्या आधाराकडे’ हा यांचा नियम दिसतो आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा त्यापुढे दुय्यम ठरते. नायग्रिव्हेंट्रिसच्या बाबतीत पाण्याचा पृष्ठभाग हाच कायमचा आधार झाला, एवढेच. बहुतेक मासे तोल सांभाळताना कानातील गुरुत्वसंवेदनेबरोबरच वरून येणाऱ्या उजेडाचाही आधार घेतात. हा मासा तो हिशेब कसा जुळवतो हे समजून घेण्यासाठी जपानी संशोधकांनी त्याला विमानातून नेऊन, काही क्षण भारहीन अवस्था निर्माण करणाऱ्या उड्डाणांत त्याच्यावर प्रयोगही केले आहेत.

प्राचीन इजिप्तच्या लोकांनी हे उलटे पोहणे फार पूर्वी टिपले होते. नाईलमधील सिनोडोंटिस बॅटेनसोडा हा मासाही पोट वर करून पोहतो आणि त्याचेही पोट गडद असते. थडग्यांच्या भिंतींवर मासेमारीची जी दृश्ये कोरलेली आहेत त्यांत इतर सगळे मासे सरळ आणि हा एक मासा उलटा दाखवलेला आढळतो. कारागिराची ती चूक नसून निरीक्षण आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात इजिप्तमधील हरागा येथील उत्खननात मिळालेला सोन्याचा एक लहान मासा आहे. तो इजिप्तच्या मध्य साम्राज्याच्या काळातील, म्हणजे सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचा आहे आणि तो याच जातीचा मानला जातो. मुलींच्या वेणीच्या टोकाला अशी मासोळी अडकवण्याची तेथे प्रथा होती आणि ती बुडण्यापासून राखते अशी समजूत होती. आज इजिप्तमध्ये सिनोडोंटिसला ‘शाल’ म्हणतात आणि नाईलमधील दुसऱ्या एका जातीच्या शास्त्रीय नावात, सिनोडोंटिस शाल यात, हा अरबी शब्द १८०१ पासून कायमचा बसला आहे.

इतक्या जाती म्हटल्यावर त्यांच्या ओळखीचा गोंधळ ओघाने आलाच. बेल्जियन मत्स्यशास्त्रज्ञ मॅक्स पोल यांनी १९७१ मध्ये आफ्रिकेतील सर्व सिनोडोंटिसचा सविस्तर फेरआढावा प्रसिद्ध केला आणि पुढील बहुतेक कामाचा तो पाया ठरला. त्यानंतरही नव्या जाती सापडत राहिल्या. एकट्या टँगानिका सरोवरातून २००६ मध्ये तीन नव्या जातींचे वर्णन झाले. त्यांतील लुसिपिनिस ही जाती शोभेच्या माशांच्या व्यापारात वर्षानुवर्षे पेट्रिकोला या दुसऱ्याच जातीच्या नावाने विकली जात होती. व्यापारात आणखी एक उपद्रव आहे. दोन जातींचा संकर करून तयार केलेले मासे आकर्षक नावे देऊन विकले जातात आणि घेणाऱ्याला आपण एखादी अस्सल जंगली जाती पाळली आहे असे वाटत राहते. अंगावरचे ठिपके पाहून जात ठरवणे या प्रजातीत किती बेभरवशाचे आहे, हे यावरून समजावे.

टँगानिकाच्या बाबतीत तर ठिपके मुद्दामच फसवे आहेत. ६७० किलोमीटरहून लांब आणि तळाशी १,४७० मीटर खोल असलेले हे सरोवर टांझानिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांत विभागलेले आहे. त्यात सिनोडोंटिसच्या सुमारे दहा जाती राहतात आणि त्यांतील बहुतेक जगात अन्यत्र कोठेही नाहीत. यांतील अनेक जाती एकमेकींसारख्याच दिसतात, फिकट अंगावर काळे ठिपके आणि काळ्या परांना पांढरी किनार. यांच्या काट्यांत विष असते हे येथे महत्त्वाचे ठरते. शिकारी माशाने एकदा एका जातीचा काटा खाल्ला की तो त्या रंगाच्या साऱ्याच माशांपासून दूर राहतो, म्हणून सगळ्यांनी एकच गणवेश घातला तर प्रत्येक जातीच्या वाट्याला येणारे नुकसान कमी होते.

याच गणवेशातील एक मासा म्हणजे सिनोडोंटिस मल्टिपंक्टेटस, अनेक ठिपक्यांचा सिनोडोंटिस. १८९८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि त्यानंतर जवळजवळ ९० वर्षे त्याच्या संसाराबद्दल कोणालाही शंका आली नाही.

ती शंका समजण्यासाठी त्याच्या शेजाऱ्यांची रीत आधी पाहावी लागेल. टँगानिकात सिक्लिड नावाच्या माशांच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतील अनेकींमध्ये आई आपली अंडी तोंडात घेऊन उबवते. मादी वाळूवर किंवा दगडावर काही अंडी टाकते, लगेच मागे वळते आणि ती तोंडात उचलते. नराच्या परावर अनेकदा अंड्यांसारखे ठिपके असतात, मादी ते टिपायला जाते आणि त्या वेळी नराचे रेत तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. हे काम थोड्या थोड्या अंड्यांच्या हप्त्यांनी चालते. अंडी बाहेर पडणे आणि तोंडात जाणे यांच्यामध्ये काही सेकंदांचाच अवधी असतो. त्यानंतर आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, आई जवळजवळ उपाशी राहून तोंड मिटून हिंडते आणि शेवटी चांगली पोहणारी पिल्ले बाहेर सोडते. बाळांसाठी याहून सुरक्षित जागा कोणती असणार, असे वाटते.

त्या काही सेकंदांच्या अवधीतच मल्टिपंक्टेटसचे जोडपे किंवा टोळी धसमुसळेपणे मध्ये घुसते. अंडी घालणाऱ्या सिक्लिडच्या जोडीभोवती हे मासे आधीपासून घुटमळत असतात. मादीने अंडी टाकताच ते झडप घालतात, हाती लागतील तितकी अंडी खातात आणि त्याच घाईत आपली अंडी व रेत तेथे सोडून पळतात. आपली अंडी वाचवण्यासाठी सिक्लिडची आई घाबरून भराभर जे दिसेल ते तोंडात गोळा करते, आणि त्यात परकी अंडीही येतात. ही परकी अंडी तिच्या अंड्यांपेक्षा लहान असतात. पक्ष्यांमधील कोकीळवर्गाची कितीतरी अंडी यजमानाच्या अंड्यांशी हुबेहूब जुळतात. येथे तशी हुबेहूब नक्कल नाही आणि तिची फारशी गरजही पडत नाही, कारण सगळा डाव घाईगर्दीवर उभा आहे.

खरा प्रकार यानंतर तोंडाच्या आत घडतो. परकी अंडी सिक्लिडच्या अंड्यांपेक्षा लवकर फुटतात. बाहेर आलेली पिल्ले काही दिवस आपल्या पोटाखालच्या बलकावर जगतात. तो संपेपर्यंत आईची स्वतःची पिल्ले नुकतीच अंड्यांतून निघालेली, बलकाच्या पिशवीने जड झालेली आणि पळता न येणारी असतात. पाहुणी पिल्ले त्यांनाच खायला लागतात. आई बाहेरच्या प्रत्येक शत्रूवर नजर ठेवते, पण स्वतःच्या तोंडात तिला डोकावता येत नाही. दिवस भरल्यावर ती तोंड उघडते तेव्हा बाहेर पडतात ती लहान लहान मिशा असलेली, ठिपकेदार पिल्ले. युरोपातील कोकिळेचे पिल्लू घरट्यातील इतर अंडी ढकलून देते, हे ऐकून आपण हळहळतो. या माशाचे पिल्लू त्याहून एक पाऊल पुढे जाते आणि भावंडांचाच शिधा करते. जपानी संशोधक तेत्सू सातो यांनी टँगानिकात तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिडच्या सहा जातींमध्ये हा प्रकार आढळल्याचे १९८६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पक्षी सोडले तर पृष्ठवंशी प्राण्यांत पिल्ले वाढवण्यासाठी पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून राहणारा दुसरा प्राणी आजवर माहीत झालेला नाही.

असे वर्तन एकाएकी उद्भवत नाही. माझ्या मते याचे मूळ त्या अंडीचोरीत शोधावे. दुसऱ्याची अंडी विणीच्या जागीच पळवून खाणाऱ्या माशाला तेथेच, त्याच धांदलीत, आपली अंडीही टाकली तर ती एका उत्तम राखणदाराच्या तोंडात जातात. मूळ सवय खाण्याची, तिला जोड मिळाली विण्याची. ढोलाच्या स्नायूची वीज झाली, त्याच धर्तीचे हे स्थित्यंतर आहे. या प्रजातीतील इतर जाती अंडी टाकून निघून जातात आणि त्यांच्याकडे पुन्हा पाहत नाहीत. ज्यांच्या घराण्यात पिल्ले सांभाळण्याची रीतच नव्हती, त्यांच्यातील एकाला दुसऱ्याची रीत वापरण्याची युक्ती साधली.

हौशी मत्स्यपालकांना एक गोष्ट लवकर लक्षात आली होती. मल्टिपंक्टेटसची पैदास काचेच्या टाकीत करायची तर टँगानिकातील सिक्लिडांपेक्षा मलावी किंवा व्हिक्टोरिया या दुसऱ्या सरोवरांतील सिक्लिड अधिक उपयोगी पडतात. त्या सरोवरांत सिनोडोंटिस आहेत, पण कोकिळेचे काम करणारी ही जाती नाही. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील संशोधकांनी २०१८ मध्ये याची पद्धतशीर परीक्षा घेतली. ज्या सिक्लिडांच्या पूर्वजांनी हा मासा कधी पाहिलाच नव्हता, त्यांच्या तोंडात परकी अंडी पोहोचण्याचे प्रमाण टँगानिकातील सिक्लिडांच्या तुलनेत ३ ते ११ पट निघाले. म्हणजे टँगानिकातील यजमान फसवणुकीला काही प्रमाणात सरावले आहेत, संशयी झाले आहेत आणि परकी अंडी बाहेर टाकतात. मात्र तोंडातील गर्दीत आपले आणि परके नेमके वेगळे काढणे त्यांनाही जमत नाही. परकी अंडी टाकून देण्याच्या भरात ते स्वतःची अंडीही अधिक प्रमाणात गमावतात.